पॅरिश नोंदवही व जनगणना : तळटीप १४

१४. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या धार्मिक व्यवस्थेखालील गाव वा वस्ती. इंग्लंडमध्ये १५३८ साली थॉमस क्रॉमवेलच्या आदेशाने प्रत्येक पॅरिशमध्ये बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची नोंद ठेवणे सुरू झाले. १ जुलै १८३७ रोजी जन्ममृत्यूंची सरकारी नोंदणी सुरू होईपर्यंत, ज्यांच्या मागे जमिनीची वा मृत्युपत्राची कागदपत्रे नाहीत अशा मजूर, विणकर व खाणकामगारांची नावे बहुधा याच वह्यांत सापडतात. १७५४पासून विवाहनोंदीवर वधूवर सही करीत किंवा, लिहिता येत नसल्यास, फुली मारीत; १८१३पासून बाप्तिस्म्याच्या छापील नमुन्यात वडिलांच्या व्यवसायाचा रकाना आला. दशवार्षिक जनगणना १८०१ची असली, तरी देशभर नावनिशीवार नोंद १८४१पासून झाली. त्या वर्षी पंधरा वर्षांवरील व्यक्तींचे वय पाचाच्या पटीत खाली आणून लिहिण्याची सूचना होती आणि जन्म त्याच परगण्यातला आहे की नाही आणि नसल्यास तो स्कॉटलंड, आयर्लंड वा परदेशातला आहे का, एवढेच विचारले जाई. १८५१च्या गणनेत मात्र पूर्ण वय, कुटुंबप्रमुखाशी नाते व जन्माचे पॅरिश नोंदवले गेल्याने, कामासाठी गिरणीच्या शहरात आलेल्या कामगाराच्या मूळ गावातील बाप्तिस्म्याच्या वहीपर्यंत पोहोचता येते. म्हणूनच मूळ मजकुरातील लँकशायरच्या विणकराचे वय १८४१मध्ये २५ आणि १८५१मध्ये ३८ असले, तरी तेवढ्यावरून या नोंदी दोन वेगळ्या व्यक्तींच्या ठरत नाहीत. — संपा.