बँड आणि बंड

हिंगोली जिल्ह्यात मराठी शिकवणाऱ्या आम्हां मंडळींना संतसाहित्याच्या तासाला औंढा नागनाथची कथा सांगावीच लागते. नर्सीचे नामदेव देवळासमोर कीर्तनाला उभे राहिले. टाळ-मृदंगाच्या गजराने पूजेत व्यत्यय येतो, म्हणून पुजाऱ्यांनी त्यांना मागच्या बाजूला जायला सांगितले. ते गेले, आणि कीर्तन रंगले तेव्हा देऊळच त्यांच्याकडे फिरले. नंदी मागच्या बाजूला कसा, याचे उत्तर म्हणून ही कथा आजही सांगितली जाते. ती इतिहास नव्हे, आख्यायिका आहे. परंतु तिच्या पोटातला प्रश्न मात्र इतिहासाचा आहे : वाजवणाऱ्याने कोठे उभे राहायचे, हे कोणी ठरवायचे?

हाच प्रश्न आम्हांला पुन्हा भेटला तो एका अमेरिकन विनोदी चित्रपटात. पीटर सोलेट यांचा 'मेटल लॉर्ड्स' २०२२ साली आला. हंटर आणि केविन ही शाळकरी मुले हेवी मेटल वाजवणारा बँड काढतात. शाळा त्यांना हसते. केविनला वाटते, सुरेख चेलो वाजवणाऱ्या एमिलीला सोबत घ्यावे. हंटरला ते मान्य नाही, कारण चेलो हे मेटलचे वाद्यच नव्हे! ज्यांना सगळ्यांनी मागे उभे केले, तेच तिसऱ्याला मागे उभे करतात. चित्रपटातला विनोद येथून उगवतो. पंथ जितका लहान, तितके त्याचे सोवळे कडक, हे आपल्याला काही नवे नाही.

या संगीताचा जन्म मात्र सोवळ्यातला नाही. 'ब्लॅक सबाथ' या बँडची पहिली ध्वनिमुद्रिका १९७० साली निघाली. ही मुले बर्मिंगहॅमच्या कामगार वस्तीतली. त्यांच्यातला गिटारवादक टोनी आयोमी सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यातल्या अपघातात त्याच्या दोन बोटांची टोके तुटली. त्याने प्लास्टिक वितळवून बोटांना टोपणे केली, पुढे तारा सैल केल्या, आणि त्यातून तो जड, खर्जातला नाद घडत गेला. पन्नास वर्षांनंतरचा हंटर हीच परंपरा सांगतो. पण वाद्ये आणतो ती वडिलांच्या क्रेडिट कार्डावर. कामगाराचा आक्रोश आता सुखवस्तू घरातल्या मुलाचा छंद झाला आहे.

आता आपल्याकडे पाहू. वयात येणाऱ्या मुलांवरचे मराठी चित्रपट गेल्या काही वर्षांत थोडे नाहीत. मिलिंद बोकील यांच्या कादंबरीवरचा सुजय डहाके यांचा 'शाळा', रवी जाधव यांचा 'बालक-पालक' (२०१३), नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' (२०१४ साली प्रदर्शित), अविनाश अरुण यांचा 'किल्ला' (२०१५ साली प्रदर्शित). यांत शाळा आहे, प्रेम आहे, मैत्री आहे. मुलांचा बँड मात्र नाही. तो का नसावा?

आमच्या मते याचे कारण पडद्यावर नाही, गावात आहे. मुलांनी हौसेने वाद्य उचलावे आणि जगाविरुद्ध वाजवावे, यासाठी वाद्य हे आधी हौसेचे असावे लागते. आपल्याकडे हलगी, डफडे, सनई ही जन्माने वाट्याला आलेली कामे होती. मिरवणूक गावाची, वाजवणारे ठरलेल्या वस्तीतले. म्हणूनच आंबेडकरी चळवळीने गावकीची कामे नाकारली, तेव्हा मेलेली गुरे ओढण्याबरोबर हलगीही खाली ठेवली गेली. तेथे वाद्य उचलणे हे बंड होते. येथे वाद्य खाली ठेवणे हे बंड ठरले.

'फँड्री'तला जत्रेचा प्रसंग या दृष्टीने पुन्हा पाहावा. जब्याला नवे कपडे घालून मिरवणुकीत नाचायचे असते. त्याच्या वाट्याला येतो तो उजेडाचा दिवा धरण्याचा भार. दुसऱ्यांच्या आनंदाला उजेड पुरवायचा, आणि त्याच उजेडात आपली लाज दिसू द्यायची. जब्याची भूमिका करणारा सोमनाथ अवघडे हलगी वाजवत असतानाच मंजुळे यांच्या नजरेस पडला होता, हेही येथे आठवते.

बँडच्या कथेजवळ आपला दिग्दर्शक गेला तो हिंदीत. रवी जाधव यांच्या 'बँजो'तले (२०१६) वादक वयाने थोर आहेत, पण प्रश्न तोच आहे. गणपती-गोविंदात गाजणारे हे बँजो पाश्चात्त्य बँजो नव्हे. १९१२ साली जपानमधील नागोया येथे तयार झालेल्या 'ताइशोगोतो' या वाद्याचा तो भारतीय अवतार, म्हणजे आपले बुलबुलतरंग. कर्णा आणि वीज मिळाल्यावर ते रस्त्याचे झाले. चित्रपटातल्या तराटला आपण बँजो वाजवतो हे सांगायची लाज वाटते, आणि ती लाज घालवायला न्यूयॉर्कहून एक संगीतकार यावी लागते. आमचा आक्षेप येथेच आहे. देऊळ फिरायला परदेशी पाहुणी कशाला हवी?

'मेटल लॉर्ड्स'मध्ये अखेर बँड स्पर्धा जिंकत नाही, दुसरा येतो. पण एमिली चेलो घेऊन त्यांच्यात उभी असते. येथे फिरतो तो हंटर. नामदेवांच्या मेळ्यात चोखोबा होते, ही परंपरा आपण अभिमानाने सांगतो. पण चोखोबांची समाधी पंढरपूरच्या महाद्वाराशी, बाहेर आहे. देऊळ एकदा फिरले म्हणून प्रत्येक वेळी फिरतेच असे नाही.

मध्यंतरी आमच्या एका विद्यार्थ्याने निबंधात लिहिले होते की आजोबांनी मानाने हलगी सोडली, मला मात्र ती शिकावीशी वाटते. यात आजोबांचा अपमान होईल काय? वहीवर शेरा लिहायला लेखणी उचलली आणि ती तशीच थांबली. 'शिक' म्हणावे तर आजोबांचे बंड आम्हांला कळले नाही असे होईल, आणि 'नको' म्हणावे तर आम्ही त्याला पुन्हा देवळामागेच पाठवल्यासारखे होईल. तो निबंध आम्ही अजून जपून ठेवला आहे. मुलांच्या बँडवरचा मराठी चित्रपट कधी निघाला, तर तो बहुधा या प्रश्नापासूनच सुरू करावा लागेल.