एका अळीच्या हजारो अळ्या : गोगलगायीच्या शरीरात चपटे कृमी कसे वाढतात?

समाजमाध्यमांवर एक व्हिडिओ अधूनमधून फिरत असतो. त्यात एका गोगलगायीची शिंगे फुगलेली असतात आणि त्यांच्या आत हिरवे-तपकिरी पट्टे सुरवंटासारखे हलत असतात. खाली 'झोंबी गोगलगाय' असे लिहिलेले असते. हा व्हिडिओ बनावट नाही. गोगलगायीत शिरलेला तो ल्युकोक्लोरिडियम नावाचा चपटा कृमी असतो. हलणारे पट्टे सुरवंट समजून पक्ष्याने खाल्ले, की कृमी पक्ष्याच्या पोटात पोचतो आणि तिथे त्याची पूर्ण वाढ होते. माणसाला त्याच्यापासून धोका नाही.

मात्र याच वर्गातले इतर अनेक कृमी तळ्यात, कालव्यात आणि भातखाचरात राहणाऱ्या साध्या गोगलगायींमध्ये वाढतात. बाहेरून काहीच दिसत नाही, पण त्यांच्यामुळे माणसे आणि गुरे आजारी पडतात.

हे कृमी कोणते?

या चपट्या कृमींच्या वर्गाला 'ट्रेमॅटोडा' म्हणतात. हे परजीवी आहेत, म्हणजे दुसऱ्या जीवाच्या शरीरात राहून त्याच्यावर जगतात. ज्याच्या शरीरात ते राहतात तो त्यांचा पोशिंदा. या कृमींना आयुष्यात सहसा एकापेक्षा जास्त पोशिंदे लागतात. प्रौढ कृमी माणूस, गुरे, पक्षी अशा पाठीचा कणा असलेल्या प्राण्यात राहतो, तर लहानपणाचा पहिला काळ जवळजवळ नेहमी गोगलगायीत किंवा शिंपल्याच्या कुळातल्या जीवात जातो.

माणसाच्या दृष्टीने यातला सर्वांत महत्त्वाचा कृमी म्हणजे शिस्टोसोमा. त्याच्यामुळे होणाऱ्या आजाराला शिस्टोसोमियासिस किंवा बिल्हार्झिया म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगातल्या २५ कोटींहून अधिक लोकांना या आजारावरील प्रतिबंधक उपचारांची गरज होती. त्यांतले बहुतेक आफ्रिकेतले होते.

टप्पा पहिला : पाण्यातला शोध

शिस्टोसोमाची प्रौढ जोडी माणसाच्या आतड्याभोवतीच्या किंवा मूत्राशयाभोवतीच्या रक्तवाहिन्यांत राहते. तिची अंडी शौचातून किंवा लघवीतून बाहेर पडतात. ती गोड्या पाण्यात पोचली, की फुटतात आणि त्यांतून 'मिरासिडियम' नावाची सूक्ष्म अळी बाहेर येते.

तिच्या अंगावर बारीक केसांसारखे तंतू असतात आणि ते हलवत ती पोहते. ती काहीच खात नाही. अंगात साठवलेल्या ऊर्जेवर ती काही तास, फार तर दिवसभर जगते. तेवढ्या वेळात तिला योग्य गोगलगाय सापडली नाही तर ती मरते. गोगलगायीच्या अंगातून पाण्यात मिसळणाऱ्या रसायनांचा माग तिला लागतो.

टप्पा दुसरा : गोगलगायीच्या आत

गोगलगाय सापडली, की मिरासिडियम तिच्या मऊ अंगाला चिकटते आणि कातडी भेदून आत शिरते. आत गेल्यावर पोहण्याचे तंतू गळून पडतात आणि अळीची एक पिशवी होते. या पिशवीला 'स्पोरोसिस्ट' म्हणतात. तिला तोंड नाही आणि आतडेही नाही. गोगलगायीच्या शरीरातले अन्न ती आपल्या पृष्ठभागातूनच शोषून घेते.

या पहिल्या पिशवीत नव्या पिशव्या तयार होतात. त्या बाहेर पडून गोगलगायीच्या पचनग्रंथीकडे जातात, कारण तिथे अन्न भरपूर असते. मग या दुसऱ्या पिढीच्या पिशव्यांमध्ये 'सर्केरिया' नावाच्या, दुभंगलेल्या शेपटीच्या अळ्या तयार होतात.

या सगळ्यात नर-मादीचा संबंध कुठेच येत नाही. एका मिरासिडियमपासून तयार झालेल्या हजारो सर्केरिया एकमेकींच्या नकला असतात. शिस्टोसोमाच्या बाबतीत त्या सगळ्या एकाच लिंगाच्याही असतात. म्हणून गोगलगायीला केवळ कृमीचे वाहन समजणे पुरेसे नाही. कृमीची संख्या वाढते ती तिच्यातच.

टप्पा तिसरा : पुन्हा पाण्यात

गोगलगायीत शिरल्यापासून साधारण चार ते सहा आठवड्यांनी सर्केरिया पाण्यात बाहेर पडू लागतात. एक बाधित गोगलगाय दिवसाला शेकडो ते हजारो सर्केरिया सोडू शकते. आफ्रिकेतल्या प्रमुख जातींच्या सर्केरिया दिवसाउजेडी बाहेर येतात आणि नेमकी तीच वेळ कपडे धुण्याची, पोहण्याची आणि शेतातल्या कामाची असते. सर्केरिया माणसाच्या कातडीला चिकटते, काही मिनिटांत आत शिरते आणि शेपटी बाहेरच टाकून देते.

गोगलगायीचे काय होते?

ती मुकाट्याने हार मानत नाही. तिच्या रक्तातल्या पेशी घुसखोराला घेरून मारण्याचा प्रयत्न करतात आणि काही गोगलगायींत त्या यशस्वीही होतात. पण कृमी टिकला, तर तो तिचे अन्न आणि ऊर्जा स्वतःकडे वळवतो. बाधित गोगलगाय अंडी घालणे कमी करते किंवा पूर्ण थांबवते.

गुरांमधला यकृत कृमी

आपल्याकडच्या पशुपालकांना यकृत कृमी, म्हणजे फॅसिओला, जास्त परिचयाचा आहे. त्याची अंडी शेणातून पाण्यात जातात आणि पुढे अळी लिम्निया कुळातल्या गोगलगायीत शिरते. इथे पिशवीनंतर 'रेडिया' नावाची आणखी एक अवस्था येते. रेडियाला तोंड आणि आतडे असते आणि ती गोगलगायीचे शरीर चक्क खाते. शेवटी बाहेर पडलेल्या सर्केरिया पाण्यालगतच्या गवतावर कवच करून बसतात. ते गवत गाई-म्हशींनी खाल्ले, की कृमी त्यांच्या यकृतात पोचतो.

आजार कुठे पसरेल, हे गोगलगाय ठरवते

हे कृमी गोगलगायीबाबत फार चोखंदळ असतात. शिस्टोसोमा मॅन्सोनीला बायोम्फॅलॅरिया लागते, तर शिस्टोसोमा हिमॅटोबियमला ब्युलिनस. गुलामांच्या व्यापारात आफ्रिकेतून अमेरिका खंडात दोन्ही कृमी गेले. तिथे बायोम्फॅलॅरिया होती म्हणून मॅन्सोनी रुजला. हिमॅटोबियमला योग्य गोगलगाय मिळाली नाही आणि तो टिकला नाही.

भारतातही हा आजार माणसांत सहसा आढळत नाही. त्याला एक ठळक अपवाद महाराष्ट्रात नोंदला गेला. १९५२ मध्ये गाडगीळ आणि शाह या संशोधकांनी रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात लघवीच्या मार्गातला शिस्टोसोमियासिस आढळल्याचे प्रसिद्ध केले. तिथे फेरिसिया टेन्युइस ही टोपीसारख्या कवचाची छोटी गोगलगाय मध्यस्थ असल्याचे पुढे दिसून आले.

याउलट सेनेगलमध्ये काय झाले ते पाहा. १९८६ मध्ये सेनेगल नदीच्या मुखाजवळ डियामा धरण पूर्ण झाले. समुद्राचे खारे पाणी आत येणे थांबले, गोडे पाणी वर्षभर टिकू लागले आणि गोगलगायी वाढल्या. त्यांना खाणाऱ्या नदीतल्या कोळंबीची ये-जाही धरणाने अडवली. दोन वर्षांत रिशार-तोल गावात आतड्याच्या शिस्टोसोमियासिसचे रुग्ण सापडू लागले आणि पुढे तिथे मोठी साथ आली.

मग उपाय कोणता?

प्राझिक्वांटेल हे औषध माणसाच्या शरीरातले प्रौढ कृमी मारते. पण बरा झालेला माणूस दुसऱ्या दिवशी त्याच पाण्यात उतरला, तर त्याला पुन्हा लागण होऊ शकते, कारण पाण्यातल्या गोगलगायींना त्या गोळीचा काहीच उपयोग नसतो. म्हणून औषधाच्या जोडीला तीन गोष्टी लागतात : शौच आणि लघवी पाण्यात जाऊ न देणे, वापरासाठी सुरक्षित पाणी पुरवणे आणि गोगलगायींची संख्या आटोक्यात ठेवणे.

बागेतल्या साध्या गोगलगायीला घाबरण्याचे मात्र कारण नाही. हे चक्र फिरायला गोगलगायीची ठराविक जात, ठराविक कृमी आणि त्याच्या अंड्यांनी दूषित झालेले पाणी, हे तिन्ही एकत्र यावे लागतात. यातली एक कडी तुटली, तरी चक्र थांबते.