पाण्याआधीची माती

कोयत्याला पाणी देणे हा आपल्या लोहारशाळेतील नित्याचा शब्दप्रयोग. तापून लाल झालेले पाते पाण्यात बुडाले की ते कठीण होते, आणि त्याच्या गुणाचे सारे श्रेय आपली भाषा त्या पाण्याला देऊन मोकळी होते. आम्हांसही बरीच वर्षे तसेच वाटे. जपानी तलवारीचा इतिहास वाचल्यावर मात्र आमचे मत फिरले. निकाल पाण्यात क्षणार्धात लागतो हे खरे. परंतु त्या खटल्याची सारी तयारी आधीच झालेली असते, आणि ती करते साधी माती.

ऐरणीवर घडवून व कानशीने घासून पात्याला आकार आला, तरी जपानी कारागीर त्याला लगेच भट्टीत घालीत नाही. धार अद्याप पाडलेली नसते. कड मुद्दाम जाड राखलेली असते, कारण पातळ कड पाण्याचा आघात न सोसून तडकते. मग पात्यावरील तेलाचा अंश काढून टाकतात. तेलकट पोलादावर माती धरत नाही. त्यानंतर चिकणमाती, कोळशाची पूड आणि दगडाची भुकटी पाण्यात कालवून तिचा लेप देतात. या कामाला तिकडे ‘त्सुचिओकी’, म्हणजे माती ठेवणे, असे नाव आहे. पाठीवर लेप जाड, धारेकडे अगदी पातळ. आणि धारेकडील भागावर मातीच्याच बारीक आडव्या रेघा.

लेप वाळला की पाते सुमारे 750 ते 800 अंश सेल्सिअसपर्यंत तापवून पाण्यात सोडतात. पोलादाचा रंग नीट ओळखता यावा म्हणून हे काम अंधारात चालते. पातळ लेपाखालची धार झटकन निवून अतिशय कठीण होते. जाड लेपाखालची पाठ सावकाश निवते व चिवट राहते. कठीण झालेली धार किंचित प्रसरण पावते, त्यामुळे पाते पाठीकडे वाकून त्याचा बाक वाढतो. आडव्या रेघांखाली मऊ पोलादाच्या बारीक पट्ट्या राहतात. पुढे कधी धारेचा टवका उडालाच तर तो तेथे अडावा, हा हेतू. कठीण व मऊ पोलादाच्या सीमेवर उमटणारी रेषा म्हणजे ‘हामोन’. पाहणाराला ती नक्षी वाटते. वस्तुतः लेप कोठे जाड व कोठे पातळ होता, याची ती नोंद होय.

ही विद्या कायद्यानेच जवळजवळ बुडवली होती. 1876 च्या फर्मानाने तलवार कमरेला लावून हिंडण्यास सर्वसामान्यांस मनाई झाली. मागणी आटली, अनेक कारागीर स्वयंपाकघरातील सुऱ्या व शेतीची अवजारे घडवू लागले. गासान सादाकाझु यांच्यासारखे थोडे टिकून राहिले; 1906 मध्ये त्यांना राजघराण्याचे कलावंत म्हणून नेमण्यात आले. 1945 च्या पराभवानंतर असंख्य तलवारी जप्त झाल्या आणि नव्या घडवण्यावरही बंदी आली.

पण तिला सावरले तेही कायद्यानेच. 1950 च्या सांस्कृतिक ठेव्याविषयीच्या कायद्याने वस्तूंबरोबर कौशल्यासही संरक्षण दिले, आणि 1955 मध्ये ताकाहाशी सादात्सुगु या तलवारकारागिरास तो मान लाभला. 1958 च्या शस्त्रकायद्याखाली आज परवाना लागतो, त्यापूर्वी गुरूपाशी किमान पाच वर्षे उमेदवारी करावी लागते, आणि महिन्याला दोनच लांब तलवारी घडवता येतात.

आम्हां वकिलांना या अटींत पाच वर्षांची अट सर्वांत शहाणपणाची वाटते. संग्रहालयात पाते राहते, त्यावरील रेषाही राहते. माती मात्र राहत नाही. काम झाले की ती झडून जाते. लेप कोठे जाड द्यावा आणि कोठे पातळ, हे गुरूच्या हाताकडे बघत बसलेल्या शिष्यालाच कळते. तो शिष्य एका पिढीपुरता जरी उठून गेला, तरी पाते उरेल आणि विद्या जाईल. आपल्या लोहारशाळेत पाणी देणाऱ्या हाताशेजारी आज कोण बसले आहे, हेही एकदा पाहून यावे.