आवाजाची तार: पॅरिस, फैजपूर आणि सावद्याचे छत

सावद्यात एखाद्या नव्या घराच्या खोलीखोलीत छतातले स्पीकर बसवायचे ठरले, की वायरमनपुढे पहिला प्रश्न तारेचा असतो. अ‍ॅम्प्लिफायर एक, खोल्या अनेक. शेवटच्या खोलीत आवाज क्षीण होता कामा नये. शिवाय हे सारे स्लॅब भरण्यापूर्वी ठरवावे लागते, कारण पाइप त्याच्या पोटात जातात. या प्रश्नाचा इतिहास जवळजवळ दीडशे वर्षांचा आहे.

१८८१ साली पॅरिसच्या विद्युत प्रदर्शनात क्लेमाँ आदेर याने ऑपेरा-गृहाच्या रंगमंचावर मायक्रोफोन लावले आणि तारांवरून गाणे दूरच्या दालनांत पोचवले. प्रत्येक श्रोत्याच्या दोन्ही कानांना स्वतंत्र रिसीव्हर होता. त्यामुळे गायक रंगमंचावर डावीकडून उजवीकडे सरकला तर ते ऐकू येई. स्टीरिओची ही पहिली चाहूल. १८९३ मध्ये बुडापेस्टला टेलिफोनच्या तारेवरून घराघरांत बातम्या वाचून दाखवणारी सेवा सुरू झाली. पुढे १९२०च्या दशकात हॉलंड आणि इंग्लंडमध्ये एकाच मोठ्या रेडिओ संचावरून शेजारच्या घरांत तारा ओढण्यात आल्या. ग्राहकाकडे फक्त भिंतीवरचा स्पीकर असे.

परंतु याच तंत्राचा राजकीय वापर अधिक विलक्षण ठरला. १९१९ मध्ये अमेरिकेतील सॅन डिएगो येथे अध्यक्ष विल्सन यांचे भाषण कर्ण्यांतून हजारोंना ऐकवण्यात आले. भारतात मोटवाणे कुटुंबाच्या ‘शिकागो रेडिओ’ची पाटी असलेले मायक्रोफोन गांधी-नेहरूंच्या असंख्य छायाचित्रांत दिसतात. नाव शिकागोचे, कंपनी मात्र देशी!

सावद्यापासून काही किलोमीटरवर फैजपूर आहे. २७ आणि २८ डिसेंबर १९३६ रोजी तेथे नेहरूंच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले. नंदलाल बोस यांनी सजवलेल्या टिळकनगराचे, तेथील बांबूकामाचे वर्णन सर्वत्र आढळते. ऐकू येण्याच्या प्रश्नाकडे मात्र इतिहासकारांचे लक्ष क्वचितच जाते. वास्तविक या अधिवेशनाने शेतसारा व खंड कमी करणे, कर्जातून सुटका अशा मागण्यांचा कृषी कार्यक्रम स्वीकारला. तो ज्यांच्यासाठी होता, त्या शेतकऱ्याला मागच्या रांगेत शब्द कळले नाहीत, तर त्याच्या वाट्याला नेत्यांचे केवळ दर्शन उरते.

मोठ्या मैदानाची आणखी एक अडचण असते. विजेचा संकेत तारेतून तत्क्षणी जातो. हवेतला आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर चालतो. मंचापासून शंभर मीटरवर दुसरा कर्णा लावला, तर तेथील श्रोत्याला एकच शब्द दोनदा ऐकू येतो, मध्ये सुमारे ०.३ सेकंदाचे अंतर. दहा मीटरवरच्या शेजारच्या खोलीत हा फरक जाणवत नाही.

तारेतल्या ऱ्हासाचे कारण वेगळे आहे. साठ वॅटचा आवाज ८ ओहमच्या स्पीकरला थेट द्यायचा तर सुमारे २.७ अँपिअर प्रवाह लागतो. तोच १०० व्होल्टवर नेला, तर ०.६ अँपिअर पुरतो. ऱ्हास प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. म्हणजे तीच तार, पण नुकसान सुमारे वीसपट कमी. दूरच्या गावी वीज उच्च दाबाने नेण्यामागचे गणित हेच. म्हणून शंभर व्होल्टच्या पद्धतीत अ‍ॅम्प्लिफायरकडे दाब वाढवतात आणि प्रत्येक स्पीकरपाशी छोटा ट्रान्सफॉर्मर लावून तो उतरवतात. प्रत्येकी सहा वॅट घेणारे दहा स्पीकर साठ वॅटच्या अ‍ॅम्प्लिफायरवर समांतर जोडता येतात. याउलट ८ ओहमचे चार साधे स्पीकर समांतर जोडले, तर एकूण रोध २ ओहमवर येतो आणि अनेक अ‍ॅम्प्लिफायर तेथेच तापून बंद पडतात. घरगुती कामात हीच चूक सर्वांत महागात पडते.

रेल्वे फलाट, मंगल कार्यालये, मोठी दुकाने येथे शंभर व्होल्टची पद्धत रूढ आहे. घरात अंतरे लहान असल्याने तिची गरज सहसा पडत नाही. तेथे प्रत्येक खोलीसाठी अ‍ॅम्प्लिफायरचा स्वतंत्र चॅनेल ठेवतात आणि त्याच्यापासून त्या खोलीपर्यंत जाड तांब्याची स्वतंत्र तार नेतात. एका खोलीत भजन आणि दुसऱ्या खोलीत क्रिकेटचे समालोचन एकाच वेळी चालते, ते त्यामुळेच.