गाझीपुऱ्याचे कागद

२०२३ साली बीड जिल्ह्यातल्या तहसील कचेऱ्यांमध्ये एक नवल घडले. ज्या अभिलेख कक्षांकडे वर्षानुवर्षे कोणी फिरकत नव्हते, तिथली धुळीने माखलेली गाठोडी सुटू लागली. मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी सरकारने सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली आणि निजामकाळातले कागद बाहेर आले. पण ते वाचणार कोण? काही मोडीत, काही उर्दूत, काही फारसीत. मग मोडी आणि उर्दू जाणणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली. ज्या उर्दूला आपण आणि इतरांनीही केवळ ‘मुसलमानांची भाषा’ करून टाकले होते, तिच्यात मराठा शेतकऱ्याच्या पणजोबाची नोंद शोधली जात होती.

या घटनेने मला आपल्याच घराकडे पाहायला लावले. शेजाऱ्याने आपले कागद शोधले. आपण आपले शोधले का? बीडच्या मुसलमानांचा इतिहास सांगायचा म्हटले की आपण शहेनशाहवलींचा दर्गा सांगतो, सलाबतखानाची खजाना विहीर सांगतो, जामा मशीद सांगतो आणि थांबतो. पण त्या मशिदीत नमाजला येणारा माणूस कोण होता, कोणत्या मोहल्ल्यात राहत होता, काय करून पोट भरत होता, हे आपल्याला ठाऊक नसते.

मोहल्ल्याचेच उदाहरण घेऊ. आज ज्याला इस्लामपुरा म्हणतात, त्याचे मूळ नाव गाझीपुरा असे सांगतात. औरंगजेबाच्या अखेरच्या काळात, १७०३ च्या सुमारास, बीडचा नायब हाजी सदरशहा याने शहराच्या पूर्वेला उंचवट्यावर ही नवी वस्ती बसवली. त्याच्या आदल्या वर्षी त्याने ईदगाह बांधली. म्हणजे हे त्या काळचे बीडचे उपनगरच. नाव बदलले आणि एक अडचण उभी राहिली. जुन्या दस्तात ‘गाझीपुरा’ असेल, तर ‘इस्लामपुरा’ शोधणाऱ्याच्या हाती काहीच लागणार नाही. अंबाजोगाईचेही तसेच. निजामाच्या दफ्तरात ती ‘मोमिनाबाद’ आहे. तिथे हैदराबाद कंटिन्जंटच्या घोडदळाची छावणी होती. ती फौज इंग्रजांच्या हुकमतीखाली असल्याने तिथल्या एखाद्या सवाराच्या वारसाला बीडच्या कचेरीपेक्षा दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात, रेसिडेन्सीच्या इंग्रजी कागदांत शोधावे लागेल.

बीडचा जुना इतिहास लिहिणारे दोघे ठाऊक आहेत. काझी मुहम्मद फखरुद्दीन यांनी हिजरी ११५२ मध्ये, म्हणजे १७३९ च्या सुमारास, ‘रियाज-उल-अबरार’ लिहिले. काझी मुहम्मद कुतबुल्लाह यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उर्दूत ‘तारीख-ए-बीर’ लिहिले. दोघेही काझी होते, हा योगायोग नव्हे. गावाचे दफ्तर काझीच्या घरी असे. निकाह, तलाक, वारसा, मशिदीच्या खिदमतीची इनामे, सगळ्याची नोंद त्याच्याकडे. निकाहाच्या एका नोंदीत वर-वधूची आणि त्यांच्या वडिलांची नावे येतात, मेहरची रक्कम येते, वकील आणि साक्षीदार येतात. अशा शंभर नोंदी शेजारी मांडा, मोहल्ला बोलू लागतो. मेहर वाढला की घटला, यावरून बरी-वाईट वर्षे कळतात. साक्षीला कोण उभे राहिले, यावरून कोणाचे कोणाशी जमत होते ते कळते. बीड एकेकाळी चामड्याच्या छागलींसाठी आणि गुप्तीसाठी नावाजलेले होते. त्या छागली शिवणारे, गुप्तीला पाते बसवणारे हात कोणत्याही तारीखेत नाहीत. सापडले तर ते अशाच नोंदींत सापडतील. मन्यार, तांबोळी, अत्तार, पिंजारी, बागवान यांचा इतिहास लिहायला दुसरे साधन नाही.

आता हे कागद कुठे आहेत आणि कसे वाचायचे, ते थोडे सांगतो. मुघल अमलाचे कागद औरंगाबादेहून हैदराबादला गेले. शहाजहान आणि औरंगजेब यांच्या काळातले सुमारे दीड लाख कागद तिथल्या राज्य अभिलेखागारात आहेत. बीड १९५६ मध्ये मुंबई राज्यात आले, तरी राजधानीतले दफ्तर राजधानीतच राहिले. हैदराबाद राज्यात १८८४ च्या सुमारास फारसीची जागा उर्दूने घेतली. गावचा पटवारी मात्र मोडीत मराठीच लिहीत राहिला. त्यामुळे एकाच शेताची हकीकत खाली मोडीत आणि वर उर्दूत सापडते. अर्धी वाचून भागत नाही.

तारखांचाही घोळ आहे. काझीचे दफ्तर हिजरीत, सरकारचे फसलीत. हिजरी १३१७ म्हणजे १८९९-१९००, तर फसली १३१७ म्हणजे १९०७-०८. सनाचे नाव न पाहता आकडा वाचला की माणूस आठ वर्षांनी चुकतो, आणि वारसाच्या दाव्यात आठ वर्षे फार असतात.

शब्दांची चूक तर त्याहून महाग पडते. इनामाची चौकशी होऊन सरकार जो निर्णय देई, त्याच्या उताऱ्याला मुंतखब म्हणत. त्यात ‘मदद-माश’ लिहिले असेल तर ते इनाम व्यक्तीच्या चरितार्थासाठी. ‘खिदमत-माश’ असेल तर मशीद, दर्गा किंवा कबरस्तानाच्या सेवेसाठी. पहिले घराण्याचे, दुसरे संस्थेचे. एका शब्दावर एकरच्या एकर जमीन इकडची तिकडे होते. मराठवाड्यात ती झालीही, आणि प्रत्येक वेळी परक्यानेच केली असेही नाही. कागद सांभाळण्याची जबाबदारी ज्यांच्यावर होती, त्यांतल्या काहींनी तोच कागद विकला. जून २०२५ मध्ये केंद्राचे ‘उमीद’ पोर्टल आले आणि नोंदलेल्या वक्फ मिळकतींची माहिती सहा महिन्यांत चढवण्याचा नियम झाला, तेव्हा जागोजागी मुंतखब वाचणाऱ्याचा शोध सुरू झाला. मराठा बांधवांवर जी वेळ २०२३ मध्ये आली, ती आपल्यावर दोन वर्षांनी आली.

काही कागद मात्र शोधूनही मिळणार नाहीत. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर जे घडले, त्याची पाहणी करणाऱ्या पंडित सुंदरलाल समितीने अधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत बीडचेही नाव घेतले आहे. त्याआधी रझाकारांच्या जुलमाने गावे पोळली होती, हेही विसरता येत नाही. घर सोडताना माणूस लेकरे उचलतो, चार भांडी उचलतो. दफ्तर मागे राहते. समितीचा अहवालही दशकानुदशके लोकांना वाचायला मिळाला नाही.

पण जे उरले आहे ते एकट्या मुसलमानांचे नाही. महादजी शिंदे बीडच्या मन्सूरशहांना गुरू मानत. आजही त्यांचा दर्गा बीडमध्ये आहे. हे नाते सांगायला उर्दूही लागेल आणि मोडीही. म्हणून माझे म्हणणे साधे आहे. प्रत्येक मोहल्ल्यातल्या दोन मुलांनी उर्दू शिकस्ता आणि मोडी दोन्ही वाचायला शिकावे. घरातला कागद प्लास्टिकमध्ये घट्ट बांधून ठेवू नये, ओल धरते. त्याचे छायाचित्र काढावे, सन कोणता ते लिहावे, जुन्या-नव्या वस्तीचे नाव शेजारी मांडावे. आणि कागद आपल्या विरुद्ध बोलला तरी तो फाडू नये.

आमच्या घरात एक घडीचा कागद होता. वरचा भाग उर्दूत, तो मी वाचला: आजोबांच्या वडिलांचे नाव, शेताचे क्षेत्र. खालच्या चार ओळी मोडीत होत्या. त्या वाचायला मी गल्लीतल्या एका म्हाताऱ्या कुलकर्ण्यांकडे गेलो. त्यांनी चष्मा पुसला आणि चतुःसीमा वाचून दाखवली. पूर्वेस ओढा, दक्षिणेस वाट, पश्चिमेस आमराई. उत्तरेच्या शेताच्या मालकाचे नाव वाचताना ते थबकले. ते त्यांच्याच पणजोबांचे होते. घरात त्यांच्याकडे त्या शेताचा कागद उरला नव्हता. मी आमच्या कागदाची प्रत काढून त्यांना दिली.