गमभन आणि मागे राहिलेला ळ

पंतोजींच्या शाळेत अक्षर आधी बोटाला कळे, मग डोळ्यांना. धूळपाटीवर मुळाक्षरे गिरवावयाची आणि बाराखडी घोकावयाची, असा क्रम. छापील पुस्तके आल्यावर तर मूल वाची बाळबोधीत आणि हाताने लिही मोडीत. वाचनाचा व लेखनाचा पाठ असे दोन लिप्यांत विभागलेले होते. विसाव्या शतकाच्या मध्यास मोडी शाळेतून गेली, तेव्हा ते एका लिपीत आले.

एकत्र आले, पण जुळले नाहीत. ‘ग म भ न’ हा क्रम हाताच्या सोयीचा. एका अक्षराच्या वळणातून दुसरे निघते. परंतु त्यांतून होणारे शब्द कोणते? गगन, नभ, गमन! सहा वर्षांचे कोणते मूल घरी असे बोलते? ‘मामा’ला काना हवा, ‘पाणी’ला वेलांटी हवी, आणि त्या येत मागाहून.

१९८० च्या दशकात फलटणला ही गाठ सुटू लागली. जन्माने अमेरिकन, अभ्यासाने भाषाशास्त्रज्ञ आणि पुढे भारताच्या नागरिक झालेल्या मॅक्सीन बर्नसन यांनी प्रगत शिक्षण संस्थेच्या कामात अक्षरांचे लहान गट पाडले. स्वरचिन्हे गटाबरोबरच दिल्यामुळे आरंभीच्या पाठांतच मुलाला अर्थाचे शब्द वाचता व लिहिता येऊ लागले. दिल्लीत एनसीईआरटीने २००८ साली पहिली-दुसरीसाठी ‘बरखा’ ही हिंदी पुस्तकमाला काढली. चार स्तरांतील चाळीस छोट्या गोष्टी. हेतू तोच, की मुलाने अर्थासाठी वाचावे.

दिल्लीतील मराठी वर्गाची अडचण मात्र या दोहोंहून निराळी आहे. येथे लिपी रस्त्यावरच्या पाट्यांवरून आधीच ओळखीची झालेली असते, पण हिंदी उच्चारांसह. मूल ‘चाक’मधला च ‘चार’मधल्यासारखा उच्चारते, ‘शाळा’ हा शब्द ‘शाला’ असा लिहिते. ‘बाळ’ वाचावयाचे तेथे ‘बाल’ वाचते, आणि हिंदीत त्याचा अर्थ केस! वर्णमालेत ळ अगदी शेवटी, हकाराच्या मागे उभा. महाराष्ट्रात तो उशिरा आला तरी बिघडत नाही, कारण तो कानावर रोज पडतो. दिल्लीत त्याला पहिल्याच गटात घ्यावे लागते: बाळ, फळ, पोळी, केळे, शाळा. हे शब्द आधी मोठ्याने बोलून घ्यावयाचे, मग वाचावयाचे, आणि त्याच तासाला पाटीवर लिहावयाचे.