दोन मधली शहरं

माझं माहेर अकोला आणि सासर अमरावती. अंतर जेमतेम ९५ किलोमीटर, मध्ये मूर्तिजापूर. दोन्ही गावं वऱ्हाडातली, दोन्हीकडे कापूस आणि मे महिन्यात दोन्हीकडे पारा ४५ च्या वर. तरी स्वभाव मात्र निराळे. असं का, हे शोधायला गेलं की अशा मधल्या आकाराच्या शहरात राहण्याचे फायदे-तोटे कुठून आले तेही उमगतं. म्हणून आज थोडा इतिहास. बाईंची जुनी खोड आहे, चालवून घ्या!

१८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिलं. इंग्रजांचा डोळा इथल्या काळ्या जमिनीवर होता. पुढे १८६१ ते ६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांना आपल्या कापसाची आठवण झाली. आगगाडीचा रूळ वऱ्हाड ओलांडत १८६७ मध्ये नागपूरला पोचला. हा मुख्य रूळ अकोल्यावरून गेला. अमरावती मात्र बाजूला राहिली! गाडी थांबायची दहा किलोमीटरवरच्या बडनेऱ्याला. अमरावतीच्या वाट्याला आला तो फाटा.

अकोला म्हणून व्यापाऱ्याचं गाव झालं. जिनिंग-प्रेसिंग, डाळ मिली, तेलाच्या गिरण्या. कापसाचा बाजार अमरावतीचाही मोठा होता, पण तिच्याकडे कचेऱ्या, कोर्टं आणि वकील जास्त. पेंढाऱ्यांच्या भीतीने बांधलेल्या परकोटात मावणारं हे गाव. पण १८९७ साली, दुष्काळ आणि प्लेगच्या त्या वर्षात, इथे काँग्रेसचं अधिवेशन भरलं. अध्यक्ष शंकरन नायर, स्वागताध्यक्ष आपले दादासाहेब खापर्डे. १९१४ मध्ये हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ, १९२३ मध्ये किंग एडवर्ड कॉलेज (आपलं विदर्भ महाविद्यालय), १९३२ मध्ये पंजाबराव देशमुखांची शिवाजी शिक्षण संस्था. अकोल्याला १९६९ मध्ये कृषी विद्यापीठ मिळालं, अमरावतीला १९८३ मध्ये विद्यापीठ. खेड्यातल्या पोराला पुण्या-मुंबईला न जाता पदवी मिळू लागली ती यामुळेच. माझी स्वतःची बी. ए. त्यातलीच.

आता तोट्याची बाजू. १९५६ पर्यंत आमची राजधानी नागपूर होती. ती एकदम मुंबई झाली. सचिवालयातल्या एका सहीसाठी रात्रभराचा प्रवास! अनुशेष हा शब्द आमच्याकडे शाळकरी पोरालाही कळतो. १९८४ च्या दांडेकर समितीच्या अहवालाने तो आकड्यांत मांडला, एवढंच. अकोल्याची सावतराम मिल आणि बडनेऱ्याची विजय मिल बंद पडल्या. भोंग्यावर घड्याळ लावणारी घरं मी पाहिली आहेत. ती कशी विस्कटली तेही पाहिलं आहे.

पाण्याचंही तसंच. अकोल्याच्या आसपास पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा. विहीर खोदली तर पाणी खारट, म्हणून शहराची सगळी भिस्त महानच्या काटेपूर्णा धरणावर. अमरावतीची भिस्त सिंभोऱ्याच्या अप्पर वर्धावर. २०११ च्या जनगणनेत अमरावती साडेसहा लाखांच्या जवळ गेली होती आणि अकोला सव्वाचार लाखांवर. वाढ झाली ती लेआउटांची. आधी प्लॉट, मग घर, मग रस्ता आणि सर्वांत शेवटी नाली. हा उलटा क्रम सगळ्या वाढत्या शहरांचा असतो म्हणतात. असेलही, पण पावसाळ्यात चिखल तुडवणाऱ्याला त्याचं समाधान होत नाही.

मग राहायचं कशासाठी? अजून पंधरा मिनिटांत गावाच्या या टोकाहून त्या टोकाला जाता येतं. भाजीवाली "बाई, मेथी ठेवली हाय तुमच्यासाठी" म्हणते. घरात कोणी गेलं तर खांदा द्यायला माणसं बोलवावी लागत नाहीत. मोठ्या शहरात याची किंमत मोजता येत नाही, कारण तिथे ते विकत मिळत नाही.

पण आमच्या ओळीत बहुतेक घरांत आता दोघं-दोघं म्हातारेच आहेत. पुण्यातले माझे विद्यार्थी फोनवर विचारतात, "बाई, परत यावं का?" मला कापसाची गाठ आठवते. दीडशे वर्षं आम्ही कापूस पिकवला, गाठी बांधल्या आणि बाहेर धाडल्या. कापड झालं दुसरीकडे. शिक्षणाचंही आम्ही तेच केलं. पोरं शिकवली, तयार केली आणि गाडीत बसवून दिली.

२०२२ मध्ये अमरावती-अकोला मार्गावर ७५ किलोमीटर डांबरी रस्ता १०५ तासांत टाकून विक्रम झाला. २०२४ मध्ये अमरावतीत सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आलं (अकोल्यात ते २००२ पासून आहे). २०२५ मध्ये बेलोऱ्याहून मुंबईचं विमान सुरू झालं. आनंदच आहे. पण रस्ता दोन्ही दिशांनी जातो. १८६७ च्या रुळाने माल बाहेर नेणंच सोपं केलं होतं. माझं लक्ष आहे ते नांदगाव पेठच्या वस्त्रोद्योग पार्ककडे. २०२४ मध्ये त्याची पायाभरणी झाली. कापसापासून कपड्यापर्यंत सगळं एका जागी, असा बेत आहे. तो साधला तर गाठीऐवजी कापड बाहेर जाईल, आणि ते विणणारं पोर संध्याकाळी घरी जेवायला येईल.

विद्यार्थ्यांना मी एवढंच सांगते: आईवडिलांच्या डोळ्यांतल्या पाण्यासाठी परतू नका, ते पाणी दोन महिन्यांत आटतं आणि मग कुरबुरी सुरू होतात. हाताला काम घेऊन या. जमल्यास चार जणांना काम द्या. आणि नाहीच जमलं, तर निदान घर विकण्याची घाई करू नका. काळी जमीन आहे, एखादं वर्ष पडीक राहिली म्हणून वाया जात नाही.

बघा, पटतंय का.